कोपरा कापलेली पत्रिका

चिंचवड,
१९ जानेवारी १९५८

चि. यशवंत,

आशीर्वाद तुला जाताना भरपूर दिले होते, ते अजून संपले नसतील. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तुझं निळं हवाई पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पोस्टमननं दुसऱ्या कुणाचं आमच्याकडं टाकलं. ‘संस्थेतील उत्पादनप्रक्रियेचा आढावा घेऊन सविस्तर कळवावे.’ संस्था कुठली रे? पायानं मारायची दोन ट्रेडल यंत्रं, कागद कापायचा एक कटर, शिशाच्या अक्षरांचे खिळे भरलेल्या लाकडी केसा आणि मागच्या पडवीत तुझी विधवा बहीण, एवढ्याला संस्था म्हणतात हे विलायतेला गेल्याशिवाय कळत नाही बहुतेक. वडील बिचारे जन्मभर छापखानाच म्हणत राहिले.

तू विद्यापीठात मुद्रणशास्त्र आणि धंद्याचं व्यवस्थापन शिकतोस, हे मी इथं सगळ्यांना सांगते. पटत कुणालाच नाही. आपले बाइंडर बरकतभाई दर आठवड्याला विचारतात, “ताई, यशवंतभाई तिकडं शाईत हात घालतात की नुसतं वहीत लिहितात?” मी म्हटलं, वहीत. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, “मग कपडे तरी खराब होत नसतील.”

तू ज्योतीरामला परस्पर पत्र घातलंस आणि त्यात त्याला ‘फोरमन’ म्हटलंस, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. काल-परवापर्यंत ट्रेडल मारत होता, आता वडलांचं खिशातलं घड्याळ घेऊन जुळाऱ्याच्या मानेमागं उभा राहतो. एक ओळ जुळवायला किती वेळ लागतो ते मोजतो म्हणे. जुळारी बिचारा घाबरून ‘शुभविवाह’मधला ‘वि’ उलटा लावतो आणि ती ओळ पुन्हा सोडून पुन्हा लावावी लागते. त्या पुन्हा लावण्याचा वेळ ज्योतीराम मोजत नाही. साहेबांनी तसं लिहिलेलं नाही ना.

आता तुझ्या त्या प्रबंधाचं. तुमच्या प्रोफेसरांनी प्रत्येकाला सांगितलं आहे, घरच्या धंद्यात एक नवी सुधारणा करून दाखवा, तिचा निकाल लिहून आणा, त्यावर पदवी ठरेल. बरं. मग तुला सुधारणा काय सुचावी? लग्नपत्रिका पाकिटात घालायची नाही, उघडं कार्ड काढायचं. त्याचा उजवा वरचा कोपरा तिरका कापायचा, म्हणजे लांबून बघितलं तरी आपल्या छापखान्याचं काम ओळखू येईल. आणि गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून पत्ते घेऊन आपणच सगळी कार्डं पोस्टात टाकायची.

हे लिहिताना तुझा हात अडखळला नाही का रे? कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं? कुणी गेलं की सांगावा धाडताना कार्डाचा कोपरा फाडतात. पोस्टमनच्या हातात तसलं कार्ड नुसतं दिसलं तरी बायका रडायला लागतात. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच नाव बघून फाडून टाकतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. तू काही लंडनात जन्मलेला नाहीस. वडील गेले तेव्हा ओसरीवर बसून सगळ्या कार्डांचे कोपरे तूच फाडले होतेस.

आणि लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं. तीन कोपऱ्यांची पत्रिका मी काढणार नाही. दुसरी काहीतरी सुधारणा शोध. हवं तर ज्योतीरामला सुधार.

कुसुम


चिंचवड,
२३ फेब्रुवारी १९५८

चि. यशवंत,

तुझं उत्तर वाचून मी धन्य झाले. ‘हाताने वेडावाकडा फाडलेला कोपरा आणि यंत्राने काटेकोर कापलेला कोपरा यांतील फरक ग्राहकास शिकवावा लागेल. बाजारपेठ घडवावी लागते.’ छान लिहिलं आहेस. पुनावळ्याची, कुरुळीची माणसं आता आपल्याकडं फरक शिकायला येतील. सकाळी ज्वारीची काढणी, संध्याकाळी यशवंतरावांचा कोपरा.

माहीत असून करतोस, याची मला जास्त चीड येते. नसतं माहीत तर मी तुला वेडा म्हणून सोडून दिलं असतं. तुला सगळं ठाऊक आहे आणि ज्यांच्या लग्नाची कार्डं छापून तू तिकडं शिकायला गेलास, त्यांची तुला किळस येते.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘छापखाना कागदोपत्री माझ्या नावावर आहे, याचे स्मरण असावे.’ आहे बाबा स्मरण. दारावरची पाटी तुझ्या नावाची आहे आणि तिच्या खालचा केर मी काढते, विसरेन कशी? वडील गेले तेव्हा तू कॉलेजात होतास आणि मी कपाळ पुसून माहेरी परत आले होते. मामांनी सगळं तुझ्या नावावर केलं. मला कुणी विचारलंही नाही, आणि मीही बोलले नाही. शाई कुठून आणायची, कागदवाल्याला कसं थोपवायचं, कुठल्या ट्रेडलचा रूळ कधी रुसतो, हे सगळं मी शिकले, कारण नाहीतर छापखाना बंद पडला असता.

परत आल्यावर ज्योतीरामला मॅनेजर करणार आणि मला ‘विश्रांती’ देणार असं लिहितोस. विश्रांती तुझ्याकडं मागितली कुणी? मला छापखाना हवा आहे. इतकी वर्षं बोलले नाही, आता बोलते. माझ्या आयुष्यात सकाळी उठून जावं अशी एवढी एकच जागा आहे. ती तू ज्योतीरामच्या हातात देऊ नकोस.

पुनावळ्याचे रंगराव येऊन गेले. त्यांच्या सुमनचं कुरुळीच्या चिमाजींच्या मुलाशी ठरलं, वैशाखातला मुहूर्त आहे. आधीचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं तिचं, काहीही कारण नसताना. तेव्हापासून रंगराव खाली मान घालून चालायचे, परवा पहिल्यांदा हसताना बघितले. पत्रिकेचा मजकूर त्यांनी मला तीनदा वाचायला लावला.

जुन्नरच्या मावशीनं अंथरूण धरलंय. मार्चअखेर मला तिच्याकडं जाऊन राहावं लागेल. मी नसताना ज्योतीरामला नसत्या गोष्टी शिकवू नकोस.

कुसुम


चिंचवड,
८ एप्रिल १९५८

यशवंत,

तुझी सुधारणा झाली. निकाल कळवते.

मी जुन्नरला गेले आणि तू ज्योतीरामला लिहिलंस, ‘ताईंच्या अनुपस्थितीचा लाभ घेऊन प्रयोग पुरा करावा.’ त्यानं ते पत्र मला दाखवलं, छातीशी धरून, जणू सरकारी हुकूम. रंगरावांच्या पत्रिकेवर त्यानं प्रयोग केला. उघडं कार्ड काढलं आणि कोपरा उडवला. कटरवर बरकतभाई होते. ते म्हणाले, “ज्योतीराम, हे तर मौतीचं कार्ड दिसतंय राव.” ज्योतीराम म्हणाला, साहेबांची आज्ञा आहे. बरकतभाईंनी कटर सोडला आणि घरी निघून गेले. मग ज्योतीरामनं स्वतः कापली आणि रंगरावांकडून पत्ते मागवून, त्यांना न दाखवताच पोस्टात टाकली. रंगराव कापणीत होते, त्यांना वाटलं, बरं झालं, एक काम कमी झालं.

आता ऐक, तुझ्या बाजारपेठेनं काय केलं ते.

पिंपळे सौदागरला सुमनची आत्या असते. घरात वाचता येणारं कुणी नाही. पोस्टमननं कार्ड धरलेलं बघितलं आणि ती मटकन खाली बसली. शेजारच्यानं अंगणातच अक्षरं लावून बघितली. रंगराव, पुनावळे, सुमन. पुढचं वाचायला कुणी थांबलंच नाही. कार्ड तिथंच फाडलं, आंघोळी केल्या आणि आत्या गावातल्या पाचसहा बायका घेऊन निघाली. पुनावळ्याच्या वेशीपासूनच त्यांनी गळे काढले. गाव धावलं, कोण गेलं, कोण गेलं. रंगरावांच्या दाराशी येऊन आत्यानं ऊर बडवत हाक घातली, “माझी सुमी कुठं ग ठेवलीया?”

दार सुमननं उघडलं. हाताला पापडाचं पीठ होतं तिच्या.

आत्या तिथंच पडली. तोंडावर पाणी मारून उठवली तर पोरीला हात लावायला तयार होईना. सुमन मला परवा म्हणाली, “ताई, समदी माझ्याकडं अशी बघत हुती, जनू मीच काय चूक केली जगून.” हे तुझ्या प्रबंधात कुठं बसतं ते मला ठाऊक नाही.

पण खरी आग लागली कुरुळीत. तिथं चिमाजींची म्हातारी आई आहे, सुभद्राबाई, घर तिच्या शब्दावर चालतं. तिनं कार्डावरचं सुमनचं नाव तेवढं वाचून घेतलं, कार्ड शेणकीत टाकलं, घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ घातली आणि नातवाच्या लग्नाची हळद उचलून माळ्यावर ठेवली. दोन दिवसांनी कळलं की पोरगी ठणठणीत आहे. तेव्हा म्हातारीनं काय निरोप धाडला असेल? “जिच्या नावानं डोईवरनं पानी घ्येतलं, तिच्या डोईवर अक्षता कशा टाकायच्या? आमच्या घरात ती पोर मेली.”

रंगराव पाया पडले, तरी ऐकेना. आता दुसऱ्यांदा लग्न मोडलेली आणि वर जिवंतपणी सुतक घातलेली पोरगी कोण करणार? रंगराव इथं आले होते. मला वाटलं, ओरडतील, खिळ्यांच्या केसा उलट्या करतील. ते नुसते पायरीवर बसून राहिले. चहा दिला तो तसाच ठेवून गेले. माणसानं चार शिव्या घातलेल्या परवडतात.

मी चिमाजींकडं गेले. म्हातारीनं मला आत बोलावलं नाही, चिमाजी बाहेर येऊन बोलले. “आईचं एकच म्हननं हाय. ज्यानं मरनाचा सांगावा धाडला, त्यानं सोता दारात येऊन तो माघारी घ्यावा. मग आमाला सुतक न्हाई.” मी म्हटलं, मी घेते. ते म्हणाले, “तुमी न्हाई. कार्डाखाली धन्याचं नाव छापलंय. धन्यानं यावं.”

मालक यशवंत. तूच छापायला लावलंस, ठळक खिळ्यांत.

तुझी परीक्षा संपली असं मागच्या पत्रात होतं. पुढच्या बोटीनं निघालास तर वैशाख सरायच्या आत पोचतोस. ये. कुरुळीला माझ्याबरोबर चल, म्हातारीच्या दाराशी उभा राहा आणि म्हण, खोटं होतं. दोन शब्द आहेत, त्याला व्यवस्थापन लागत नाही. तिथं माझ्यावर हवा तेवढा चीड, सगळं माझ्यामुळं झालं म्हणून गावाला सांग, पण ये.

आणि येणारच नसलास तर छापखाना माझ्या नावावर करून दे, मग धनी म्हणून मी जाते. खोटंच धनी म्हणवून घेऊन त्या दारात मी उभी राहणार नाही. एक खोटी बातमी आपण धाडलीच आहे, तेवढी पुरे.

पण आधी येण्याचाच विचार कर.

कुसुम


चिंचवड,
१९ एप्रिल १९५८

यशवंत,

तुझी तार आली. वाटलं, बोटीचा दिवस कळवला असशील.

‘प्रयोगाचे निष्कर्ष त्वरित पाठवा. प्रबंधाची मुदत महिनाअखेर.’

माझं पत्र तुला अजून मिळालं नसावं असं मी समजते. मिळाल्यावर तू ही तार केली असशील, तर तसं मला कधीही कळवू नकोस.

कुसुम


चिंचवड,
१६ मे १९५८

यशवंत,

छापखान्याचं बक्षीसपत्र, त्याच्याबरोबरचं पत्र आणि काल आलेलं दुसरं, तिन्ही मिळाली. बक्षीसपत्र वकिलांनी बघितलं, सगळं कायद्याप्रमाणं आहे म्हणाले. तू विलायतेत नीट शिकलास यात शंका नाही.

इथलं आधी सांगते, कारण तू विचारलं नाहीस.

कागद हातात आल्यावर मी कुरुळीला गेले. चिमाजींच्या अंगणात गाव जमलं होतं. सुभद्राबाई उंबऱ्यात बसली होती. मला म्हणाली, “तू कोन?” मी म्हटलं, छापखान्याची मालकीण. “पाटीवर तर गड्याचं नाव हाय.” होतं, म्हटलं, आता माझं आहे. मग तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. “व्हय ग, मोकळ्या कपाळाची बाई आमच्या लग्नाचा इडा उचलनार व्हय?”

मी म्हटलं, “आजी, मेल्याची खबर माघारी घ्यायला सवाशीण कशाला लागते? लग्नाला मी येणार नाही. पण ती बातमी माझ्या छापखान्यातनं आली. ती खोटी होती. सुमन जिवंत आहे. मी बातमी माघारी घेते.”

कुणीतरी खोकलं तर म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं खोकला गिळला. मग तिनं घागर आणायला सांगितली. मला अंगणात मधोमध उभं केलं आणि सगळी घागर माझ्या डोक्यावर ओतली. “पोरीच्या नावानं आमी घ्येतलेलं पानी ह्ये. तुझं तुला माघारी.” लुगडं अंगाला चिकटलं, सगळं गाव बघत होतं आणि मी तशीच हात जोडून उभी होते. म्हातारी सुनेला म्हणाली, “माळ्यावरची हळद खाली काढ.”

पत्रिका मी पुन्हा छापल्या, चार कोपऱ्यांच्या. रंगरावांनी गाडीत बसून घरोघर नेऊन दिल्या, हळदकुंकू लावून. कटरवर बरकतभाई होते, ते आपले आपण परत आले. लग्न झालं. आत्यानं सुमनला सोडलंच नाही म्हणे, अक्षता पडेपर्यंत तिचा हात धरून बसली होती. ज्योतीरामला मी काढलं नाही. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडून परत केसांत टाकायला बसवलाय. घड्याळ मी काढून घेतलं.

आता तुझ्या पत्रांचं. कालच्या पत्रात आहे, तुझा प्रबंध पहिल्या वर्गात आला. ‘प्रतिकूल ग्रामीण बाजारपेठेचे मार्मिक चित्रण’ असा शेरा मिळाला. मुंबईच्या मोठ्या छापखान्यात व्यवस्थापकाची जागाही मिळाली. अभिनंदन. सुमनची आत्या दारात पडली ते तू कुठल्या पानावर घातलंस, ते मला वाचायचं नाही.

आणि बक्षीसपत्राबरोबर तू लिहिलं होतंस, ‘कुरुळीतील एका निरक्षर वृद्धेसमोर हात जोडणे माझ्या शिक्षणास शोभणारे नव्हे. तुझे पत्र चहा घेताना वाचले आणि चहा निवायच्या आत निर्णय घेतला. छापखाना तुझा. त्वरित निर्णय घेणे, हेच तर येथे शिकवतात.’

छापखाना मला हवा होता, तो मिळाला. पाटी रंगवायला दिली आहे. हे सगळं बघून मी नाचायला हवं होतं. पण त्या दिवशी कागद मांडीवर घेऊन मी खिळ्यांच्या केसांपाशी बसले आणि खूप रडले. ज्योतीरामला वाटलं, आनंदानं रडते. त्याला तेवढंच समजतं.

यशवंता, मी तुझी वाट बघत होते रे. तुला शिव्या घालता घालताच वाट बघत होते. छापखाना माझ्या नावावर कर असं लिहिलं, पण लिहिताना मला खात्री होती की तू चिडशील, ताईचा एवढा तोरा कसला म्हणशील आणि बोटीत बसशील. येताना तुझी बडबड ऐकावी लागेल म्हणून मी आधीच वैतागले होते. कुरुळीच्या अंगणात तू उभा राहशील, म्हातारी तुला झापेल, तुझं तोंड लहानपणीसारखं लाल होईल आणि मी मागं उभी असेन, एवढं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. वडलांनी हाडाची काडं करून उभा केलेला छापखाना तू सोडलास, मला द्यायचा म्हणून नव्हे. मला दिला असतास तर मी तुझ्या पाया पडले असते. एका म्हातारीपुढं मान वाकवायला नको, म्हणून सोडलास. तेही चहा निवायच्या आत.

तू येशील म्हणून ट्रंकेतून तुझा जुना पंचा धुऊन काढून ठेवला होता. कुरुळीहून ओलीचिंब परत आले, तेव्हा त्यानंच मी डोकं पुसलं.

कुसुम